माइल्सचे तिकीट : फ्रँकफर्टला निघण्यापूर्वीचा हिशेब

परदेशातील प्रदर्शनाला जाऊन आलेला व्यापारी किंवा कारागीर आता आपल्यात दुर्मिळ राहिलेला नाही. सोलापूरचे टॉवेल-चादरीवाले, मुंबईत बसून मुरादाबादचा पितळी माल बाहेर पाठवणारे, धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणारे असे अनेक बांधव थंडीचे दिवस आले की जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराकडे डोळे लावून बसतात. जानेवारीत तेथे कापडाचे 'हाइमटेक्स्टिल' भरते आणि त्यापाठोपाठ घरगुती वस्तू, भेटवस्तू व हस्तकलेचे 'अ‍ॅम्बिएंते'. या चार-पाच दिवसांत ज्या गाठीभेटी होतात, त्यावर पुष्कळांचे वर्षभराचे काम अवलंबून असते.

हा प्रवास आपले लोक आजवर मिळेल त्या स्वस्त तिकिटावर करीत आले. मात्र अलीकडे बाजारात एक नवी भाषा ऐकू येते. "माइल्स जमवले आणि बिझनेस क्लासने फुकट गेलो," असे कोणी सांगतो आणि ऐकणारा दुसऱ्याच दिवशी नवे क्रेडिट कार्ड काढायला निघतो. ही सोय खरी आहे, तिचा फायदाही होतो. परंतु ती फुकट नाही. ती नेमकी काय आहे, तिकीट कसे काढावे, निघताना काय सांभाळावे आणि हे माइल्स मुळात कोणाचे, या चार गोष्टी व्यापारी बंधूंपुढे मांडाव्यात असे आम्हाला वाटले.

माइल्स म्हणजे काय?

वारंवार प्रवास करणारा गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकावा म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'अ‍ॅडव्हान्टेज' ही योजना सुरू केली. त्याच महिन्यात युनायटेडनेही आपली योजना काढली. जर्मनीच्या लुफ्तान्साची 'माइल्स अँड मोअर' १९९३ सालची. जितके उडाल तितके माइल्स खात्यावर, आणि पुरेसे जमले की त्या बदल्यात तिकीट, असा हा साधा सौदा होता. पुढे बँका त्यात आल्या. आता विमानात पाऊल न टाकताही कार्डावरील खर्चातून माइल्स जमतात, कारण बँक ते विमान कंपनीकडून पैसे देऊन विकत घेते आणि तुम्हाला देते.

हा धंदा केवढा मोठा आहे, त्याचा एक दाखला. २०२० साली कोरोनामुळे विमाने जमिनीवर होती, तेव्हा युनायटेडने आपल्या 'मायलेज प्लस' योजनेच्या तारणावर ६.८ अब्ज डॉलर उभे केले. विमाने उभी असतानाही माइल्सच्या वहीला बाजारात किंमत होती.

ती किंमत कंपनीच्या हातात असते, तुमच्या नव्हे. आज एक लाख माइल्सला मिळणारे तिकीट उद्या दीड लाखाचे झाले तर तक्रार करायला जागा नाही. अमेरिकेत गिन्सबर्ग नावाच्या धर्मोपदेशकांना नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये सभासदत्वातून काढले. तुम्ही फार तक्रारी करता, हे कंपनीचे कारण. कंपनीने सचोटीने वागायला हवे होते, असे म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०१४ मध्ये हरले. सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार नियमातच कंपनीने आपल्याकडे ठेवलेला होता.

आपल्याकडचा अनुभवही डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली आणि 'किंग क्लब'चे माइल्स कागदावर राहिले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली. तिची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने ती 'इंटरमाइल्स' या नावाने चालू राहिली, पण ज्या विमानात बसण्यासाठी माइल्स जमवले होते ते विमानच राहिले नाही. याउलट १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. म्हणून माइल्स ही साठवून ठेवण्याची वस्तू समजू नये. जमले की वापरावेत.

फुकटाचा हिशेब

माइल्सच्या तिकिटावरही विमानतळाचे शुल्क, सरकारी कर आणि अनेक कंपन्यांत 'सरचार्ज' रोख भरावा लागतो. बिझनेस क्लासमध्ये ही रक्कम किरकोळ नसते. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर तर तेथील सरकार विमानप्रवासाचा कर घेते आणि वरच्या वर्गाला तो अधिक असतो. त्यामुळे परतीचा प्रवास लंडनहून करायचा की थेट फ्रँकफर्टहून, याचा विचार आधी करावा.

हिशेबाची रीत उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. बिझनेस क्लासचे तिकीट रोखीने २ लाख रुपये आहे असे धरा. माइल्सने तेच १ लाख माइल्स आणि ३५ हजार रुपये रोख. म्हणजे एका लाख माइल्सनी १ लाख ६५ हजार वाचवले, एका माइलला १ रुपया ६५ पैसे. कंपनीची जाहिरात असा हिशेब करते.

व्यापाऱ्याने दुसरा हिशेब करावा. माइल्स नसते तर आपण २ लाखांचे तिकीट काढले असते काय? बहुतेक जण ६० हजारांच्या साध्या वर्गाने गेले असते. मग खरी बचत ६० हजार वजा ३५ हजार, म्हणजे २५ हजार. एका माइलला २५ पैसे! बाकीची रक्कम ही बचत नसून आराम आहे. आराम घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, फक्त त्याची किंमत ठाऊक असावी.

आता कार्डाविषयी. कार्डाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच माइल्सचा लाभ. थकबाकी राहिली तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. व्याज आपल्याला निषिद्ध आहे हे वाचकांना सांगायची गरज नाही. ज्यांना निव्वळ व्यवहारच पाहायचा आहे त्यांनीही पाहावे, कारण एका महिन्याच्या व्याजात शंभर रुपयांमागे मिळालेले एक-दोन माइल्स वाहून जातात. माल पुरवणाऱ्याला कार्डाने पैसे देऊन माइल्स कमावण्याची युक्तीही हल्ली सांगतात. तेथे मधला दलाल शेकडा दीड-दोन रुपये कापतो. ते रुपये माइलच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त आहेत की कमी, हे वरच्या हिशेबाने तपासावे.

आणखी एक इशारा. निम्म्या किमतीत बिझनेस क्लासचे तिकीट देतो असे सांगणारे एजंट भेटतात. पुष्कळदा ते दुसऱ्याच कोणाच्या खात्यातील माइल्सवर तिकीट काढून देतात. माइल्सची अशी विक्री जवळजवळ सर्व योजनांत मना आहे. कंपनीच्या लक्षात आले तर तिकीट विमानतळावरच रद्द होते आणि स्टॉलचे भाडे भरून बसलेला माणूस मुंबईतच राहतो.

जागा आणि व्हिसा

माइल्सवर दिल्या जाणाऱ्या बिझनेस क्लासच्या जागा मोजक्या असतात. बहुतेक कंपन्या साधारण अकरा महिने आधी त्या खुल्या करतात आणि उरलेल्या काही अगदी शेवटच्या दिवसांत सोडतात. प्रदर्शनाच्या तारखा आधीच जाहीर होत असल्याने व्यापाऱ्याने पहिल्या संधीलाच जागा धरावी. शेवटच्या दिवसांच्या आशेवर स्टॉलचा माणूस ठेवू नये.

येथे एक पेच आहे. जर्मनीचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी मागता येतो, आणि अर्ज निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. म्हणजे तिकीट आधी, व्हिसा नंतर. तेव्हा माइल्सचे तिकीट काढताना ते रद्द केल्यास माइल्स परत मिळतात काय, किती शुल्क कापतात आणि किती तास आधी कळवावे लागते, हे तीन प्रश्न विचारूनच पुढे जावे. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. प्रदर्शनाचे निमंत्रण आणि स्टॉलची पावतीही अर्जासोबत जोडावी.

एका कंपनीच्या माइल्सवर दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे तिकीट मिळते. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्तान्साही त्याच गटात आहे. अशा तिकिटाला बहुधा दोन बुकिंग नंबर असतात, एक माइल्स देणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा विमान चालवणाऱ्या कंपनीचा. दोन्ही लिहून घ्यावेत. तसेच १३ आकडी ई-तिकीट नंबर आला आहे याची खात्री करावी. जागा धरली पण तिकीट छापलेच गेले नाही, असे माइल्सच्या बाबतीत घडते आणि ते काउंटरवर उभे राहिल्यावर कळते.

निघण्याची रात्र

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे सर्वात महागडी चूक तारखेची होते. तिकिटावर ५ फेब्रुवारी, रात्री १ वाजता असे असेल तर घरातून ४ तारखेच्या संध्याकाळी निघायचे आहे. ५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन पोचणाऱ्याचे विमान चोवीस तासांपूर्वीच गेलेले असते. माइल्सच्या तिकिटावर न कळवता गैरहजर राहिल्यास माइल्स आणि पैसे दोन्ही जाऊ शकतात, शिवाय परतीचे तिकीटही रद्द होते.

बिझनेस क्लासचे काउंटर वेगळे असते म्हणून उशिरा जाऊ नये. नमुन्यांचा माल सोबत असेल तर उलट लवकर जावे. प्रदर्शनात मांडून परत आणायच्या मालासाठी 'एटीए कार्नेट' हा कागद मिळतो. आपल्या देशात तो 'फिक्की' ही व्यापारी संघटना देते. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, नग, वजन आणि किंमत लिहिलेली असते. अनामत वा हमी द्यावी लागते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. हा कागद असला की जर्मनीत त्या मालावर जकात भरावी लागत नाही. मात्र मुंबईत निघताना, तिकडे उतरताना, तिकडून निघताना आणि परत आल्यावर अशा चारही वेळी कस्टम्सचा शिक्का हवा. म्हणून बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टम्सकडे जावे. कार्नेटवर नेलेला माल तेथे विकला तर जकात भरावी लागते. वाटायच्या वस्तू आणि खाण्याचे पदार्थ त्यात बसत नाहीत.

वरच्या वर्गाचा एक ठोस लाभ सामानात आहे. अनेक कंपन्यांत ३२ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. पण एका बॅगेत ३२ किलोच्या वर चालत नाही. दोन बॅगांचे मिळून ६४ किलो भरले तरी एक ३६ आणि एक २८ असेल तर काउंटरवर सर्वांसमोर बॅग उघडावी लागेल. पितळी माल नेणाऱ्यांनी घरीच वजनकाटा लावावा. कातर, आरी, छिन्नी अशी हत्यारे खालच्या बॅगेत ठेवावीत. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातच, ती खालच्या बॅगेत चालत नाही. पॉलिशची वा रसायनांची बाटली कोठेही नेऊ नये.

रोख परकीय चलन एका प्रवासात साधारणपणे ३ हजार डॉलरपर्यंतच नोटांत नेता येते, बाकी कार्डावर घ्यावे. आपले रुपये २५ हजारांपर्यंत. युरोपात शिरताना किंवा तेथून निघताना जवळ १० हजार युरो किंवा अधिक रोख असेल तर ती जाहीर करावी लागते.

जेवणाबद्दल. 'मुस्लिम मील' मागता येते, विमान कंपन्यांच्या यादीत त्याची खूण 'एमओएमएल' अशी असते. ते निदान चोवीस तास आधी नोंदवावे लागते. दुसऱ्या कंपनीच्या माइल्सवर तिकीट असेल तर ही नोंद आपोआप पुढे जाते असे समजू नये, विमान चालवणाऱ्या कंपनीला तिच्या नंबराने कळवावे. बिझनेस क्लासमध्ये आसनावर बसताच पेला पुढे येतो. पाणी किंवा फळांचा रस मागावा, कोणी वाईट मानत नाही.

सुरक्षा तपासणी झाली की लाउंजची सोय असते. बांधवांनी तिचा खरा उपयोग समजून घ्यावा. तेथे जेवण, वजूपुरते स्वच्छ पाणी आणि शांत बसायला जागा मिळते. जेवण तेथेच उरकले तर विमानात चढताच झोपता येते. मुंबई ते फ्रँकफर्ट प्रवास साधारण नऊ तासांचा. थंडीत जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर निघालेला माणूस तेथे सकाळी उतरतो आणि समोर पूर्ण दिवस उभा असतो. आसनाचा सपाट पलंग होण्याची सोय बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली, आज ती बहुतेक लांबच्या विमानांत आहे. काही जुन्या विमानांत आसन पूर्ण सपाट होत नाही, तेव्हा तिकीट काढतानाच विमान कोणते ते पाहावे.

या पलंगाची किंमत झोपेतच मोजावी. सकाळी उतरून दुपारी स्टॉल लावायचा असेल, दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गिऱ्हाईक भाव विचारणार असेल, तर सहा तासांची झोप हा धंद्याचा खर्च ठरतो. दोन दिवस आधी जाऊन विश्रांती घेणाऱ्याला तो पलंग तितका गरजेचा नाही.

माइल्स कोणाचे?

आता सर्वात नाजूक प्रश्न. तिकिटाचे पैसे दुकान देते, पण माइल्स बसणाऱ्याच्या नावावर जमतात. कार्ड एका भावाच्या नावाचे, माल तिघांचा. वर्षाच्या शेवटी त्या भावाने जमलेल्या माइल्सवर घरच्यांना सहलीला नेले, तर बाकीच्या दोघांचे काय? तोंडाने कोणी बोलत नाही. मनात मात्र राहते आणि पुढे एखाद्या भलत्याच निमित्ताने बाहेर पडते.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. ज्या जर्मनीला आपण निघालो आहोत, तेथे २००२ साली यावरून मोठे वादळ झाले. सरकारी प्रवासातून जमलेले माइल्स खासगी प्रवासाला वापरल्याचे उघड झाले आणि बर्लिनच्या राज्य सरकारात अर्थव्यवस्थेचे (वित्ताचे नव्हे) खाते सांभाळणारे ग्रेगोर गीझी यांनी पद सोडले. केम ओझदेमिर या खासदारांनाही त्या सुमारास माघार घ्यावी लागली, त्यांच्याबाबत एका कर्जाचे प्रकरणही होते. पुढे ११ एप्रिल २००६ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने निकाल दिला की, मालकाच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे माइल्स मालक मागू शकतो. आपल्या केंद्र सरकारचा नियमही असाच आहे, सरकारी कामाच्या प्रवासातील माइल्स सरकारी प्रवासालाच वापरावेत. अमेरिकेने उलटा मार्ग धरला आणि २००१ च्या अखेरीस सरकारी नोकरांना असे माइल्स स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. दोन्ही रीती चालतात. फरक इतकाच की, तेथे ते स्पष्ट ठरलेले आहे.

आम्हाला वाटते, आपल्या भागीदारीतही ते स्पष्ट ठरावे. भागीदारीचा पैसा ही अमानत आहे आणि त्या पैशातून उगवलेली वस्तूही त्याच वहीत येते. ती एकाने घ्यावी असे सर्वांनी खुशीने ठरवले तर हरकत नाही, पण ठरवलेले असावे. त्यासाठी वकिलाची गरज नाही. भागीदारीच्या कागदावर चार ओळी पुरतात. पेढीच्या खर्चातून जमलेले माइल्स पेढीचे समजावेत. त्यांची नोंद सहा महिन्यांनी सर्वांना दाखवावी. ते पेढीच्या प्रवासालाच वापरावेत. एखाद्याने घरगुती कामाला वापरलेच, तर पेढीने साधे तिकीट घेतले असते त्या भावाने रक्कम त्याच्या खात्याला नावे टाकावी.

आणखी एक बाजू आहे. बिझनेस क्लासला साध्या वर्गाच्या साधारण दुप्पट-तिप्पट माइल्स लागतात. म्हणजे मालकाच्या एका पलंगात साध्या वर्गाची दोन तिकिटे बसतात. हातमागावरचे कापड किंवा पितळेवरचे नक्षीकाम विकताना ते करणारा कारागीर स्टॉलवर उभा असला की गिऱ्हाईक थांबते, प्रश्न विचारते. ज्याच्या हातांवर सर्व धंदा चालतो त्याने आपला माल कोठे जातो हे कधीच पाहिलेले नसते. माइल्सचा असाही उपयोग होतो, हे मालकांनी ध्यानात घ्यावे. आणि जाणारा वडीलधारा असेल, कंबर-गुडघे धरलेले असतील, तर पलंग त्यालाच द्यावा. कोणाला द्यायचा हे सर्वांनी बसून ठरवावे.

शेवटी एक घरगुती सूचना. बहुतेक योजनांच्या नियमांत माइल्स सभासदाची मालमत्ता मानलेले नाहीत, त्यामुळे सभासद वारल्यावर वारसांना ते हक्काने मिळतात असे नाही. काही कंपन्या कागदपत्रे पाहून देतात, काही देत नाहीत. खाते कोणत्या कंपनीत आहे, त्याचा नंबर काय आणि माइल्सची मुदत केव्हा संपते, हे देण्या-घेण्याच्या वहीतच लिहून ठेवावे आणि घरात एकाला तरी सांगून ठेवावे.

पुढच्या प्रदर्शनासाठी निघणाऱ्या बांधवांनी या आठवड्यात एवढे करावे. खात्यातील माइल्स मोजावेत, त्यांची मुदत पाहावी, साध्या वर्गाच्या भावाशी हिशेब ताडून घ्यावा आणि भागीदारांना एकत्र बसवून विचारावे की यंदा कोण जाणार आणि कोणत्या वर्गाने. त्यानंतरच तिकीट काढावे.